आतून सगळं ठीक

१

दादाचा दिवस आईची कूस बदलण्यापासून सुरू व्हायचा. मग तिचं तोंड पुसायचं, पाठीमागे उशा लावायच्या, चहा भरवायचा आणि शेवटी कपाटावरच्या कॅमेऱ्याची काच फडक्याच्या टोकानं पुसून काढायची. हे शेवटचं काम आईच्या डोळ्यांत खुपायचं. त्या मेल्या डोळ्यात एकदा काजळही घाल, असं ती रोज न चुकता ऐकवायची. पडून खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. जिभेला हाड नसतंच, त्यामुळे ती तेवढी शाबूत राहिली होती.

दादा म्हणजे टेलिफोन खात्यात उभं आयुष्य घालवून निवृत्त झालेला माणूस. तारा जोडता जोडता स्वतःचं लग्न जोडायचं राहून गेलं, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. धाकटी बहीण त्याला दादा म्हणायची, म्हणून सगळेच म्हणायला लागले, अगदी आईसुद्धा. धाकटी लांबच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर होती. आई पडली तेव्हा ती धावत आली आणि आईला आपल्या शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवायचं म्हणून हटून बसली. दादानं साफ नाही म्हटलं. भांडण इतकं पेटलं की आईनं दोघांना खोलीबाहेर काढलं. अखेर तोड निघाली ती अशी, की धाकटीला मनात येईल तेव्हा आई दिसली पाहिजे. ती स्वच्छ, जेवलेली, धडधाकट बोलणारी दिसतेय तोवर घरात राहील. दिसेनाशी झाली की धाकटी येऊन घेऊन जाईल.

बाजारातला तयार कॅमेरा आणला असता तर काम झटकन झालं असतं. पण दादाचा स्वभाव मुळातच संशयी. आपल्या आईचं अंथरूण परक्याच्या गोदामात कशाला नेऊन ठेवायचं, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्यानं जुना कॉम्प्युटर जिन्याखाली मांडला, त्याचा सर्व्हर केला आणि त्यावर, फोनवरून कुठूनही उघडेल असं, आईचं एक पान तयार केलं. पानावर आईच्या खोलीचं चित्र दिसे आणि थोड्या थोड्या वेळानं आपसूक बदले. शिवाय त्यानं कॅमेऱ्याशेजारी एक हिरवा दिवा जोडला. त्याच्या स्वतःच्या फोनखेरीज दुसऱ्या कोणी पान उघडलं की तो लागायचा. दिवा लागला की आई केस सारखे करायची आणि म्हणायची, धाकटी बघतेय गं बाई.

एका सकाळी धाकटीचा निरोप आला. पान उघडत नाही.

दादानं खुर्चीत बसल्या बसल्या फोनवर पान उघडलं. लख्ख उघडलं. आई चहाचा कप नाकासमोर धरून वाफ घेत होती. त्यानं उलट कळवलं, तुझं नेट बघ, इकडे सगळं ठीक आहे.

दुपारी तिचा फोनच आला. तिनं घरून बघितलं होतं, कचेरीतून बघितलं होतं, मैत्रिणीच्या फोनवरून बघितलं होतं. आवाज दबलेला होता.

"दादा, आईला काही झालंय का? खरं सांग."

त्यानं फोन आईच्या कानाला लावला. आईनं तिला तब्येतीवरून दोन शब्द सुनावले, तेव्हा ती जरा शांत झाली. पण आवाजावर तिचा भरवसा नव्हता. रविवारी येते म्हणाली. तोवर पान दिसलं नाही, तर आईला बरोबर नेणार म्हणाली.

२

आता हे प्रकरण काय असतं, ते सांगायला हवं. घरातल्या यंत्रांचं एक आतलं जग असतं आणि बाहेर उरलेलं सगळं. मधे राउटर नावाचा डबा दारवानासारखा बसलेला. बाहेरून कोणी आईचं पान मागत आलं की त्यानं जिन्याखालच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचं, एवढंच त्याचं काम. दादानं दारवानाला दिलेले सगळे हुकूम तपासले. जागच्या जागी होते. वायरी काढल्या, पुसल्या, लावल्या. सगळं बंद करून पुन्हा सुरू केलं. पान उघडत होतं.

मग त्यानं कपाळावर हात मारला. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्याचा फोन घरच्याच वायफायवर होता, म्हणजे तो घरात बसून घरालाच हाक मारत होता आणि घर ओ देत होतं. त्यात कसली आलीय परीक्षा? त्यानं फोनचं वायफाय तोडलं, फोनच्या स्वतःच्या नेटवरून, म्हणजे बाहेरच्या वाटेनं, पान मागितलं. गोल चक्र फिरत राहिलं आणि शेवटी कोरा पांढरा पडदा उरला. धाकटी खोटं बोलत नव्हती तर.

विचित्र हे, की आतून बाहेर जायला काही अडचण नव्हती. वर्तमानपत्रं उघडत होती, औषधांची मागणी जात होती. फक्त बाहेरून आत कोणी येऊ शकत नव्हतं.

नेटच्या कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं साखरेसारख्या आवाजात सांगितलं की आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय, तरी उद्या माणूस पाठवते. दादा दुसरा दिवसभर घंटेकडे कान लावून बसला. घंटा काही वाजली नाही. संध्याकाळी निरोप आला: ग्राहकाचं घर सापडलं नाही, तक्रार बंद.

दादाची तळपायाची आग मस्तकात गेली. टेलिफोन खात्यात असे बहाद्दर त्यानं पोत्यानं पाहिले होते, जे चहाच्या टपरीवर बसून कागदावर 'घर बंद होतं' लिहायचे. त्यानं त्या लाइनवाल्याचा नंबर मिळवून त्याला फैलावर घेतलं. पोरगा आधी मऊ बोलला, मग त्याचंही टाळकं सरकलं.

"काका, दातांच्या दवाखान्यापासून शिंप्याच्या दुकानापर्यंत मी दोनदा चालत गेलो. भिंतीला भिंत लागून आहे. मधे घर आहेच कुठे?"

मी काय मग झाडावर राहतो, असं विचारून दादानं फोन आदळला. दवाखाना आणि शिंपी यांच्या मधोमध त्याचं घर गेली कित्येक वर्षं उभं होतं. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, वर आईची खोली आणि त्याची. आत्ताही शिंप्याच्या मशीनची घरघर भिंतीतून येत होती.

३

दुसऱ्या दिवशी तो आईला सूप भरवत होता, तेव्हा कपाटावरचा हिरवा दिवा लागला. आईनं लगेच केसांवरून हात फिरवला.

दादाला इतकं हायसं वाटलं की त्यानं चमचा बशीत टाकून धाकटीला फोन लावला. बघतेस ना, म्हणाला. धाकटी कुणाच्या तरी समोर बसली होती. ती कुजबुजत म्हणाली की काही बघत नाहीये, सकाळीच करून पाहिलं, कोरं पान येतंय. दिवा त्या वेळीही जळत होता.

इथं दादाच्या डोक्यात पहिल्यांदा किडा वळवळला. ही बघतेय आणि नाही म्हणतेय. का? तर रविवारी येऊन आईला उचलून न्यायला निमित्त हवंय म्हणून. लहानपणापासून ती अशीच होती, हवं ते मिळेपर्यंत पोट दुखतंय म्हणून लोळायची. तिला रंगेहाथ पकडायचं ठरवून तो जिना उतरला आणि बाहेरून येणारी वायर राउटरमधून उपटली. आता जगातलं कोणीही आत येऊ शकत नव्हतं. वर येऊन पाहतो तर दिवा लागलेलाच.

म्हणजे बघणारा घराच्या आतून बघत होता.

त्यानं स्वतःला समजावलं. शिंप्याकडच्या कुणीतरी वायफायचा परवलीचा शब्द ढापला असेल. भिंतीपलीकडून बसून फुकट वापरत असतील. त्यानं शब्द बदलला, चांगला लांबलचक ठेवला, कोणाला सांगितला नाही. दिवा विझला. दादा पायरीवर टेकला आणि सुस्कारा टाकला. वरून आईची हाक आली तेव्हा तो पुन्हा लागला होता.

"बघते वाटतं अजून," आई म्हणाली. मग नाक मुरडून तिनं विचारलं, "आणि तू मघाशी नुसताच दारात येऊन का उभा राहिलास? हाक मारली तर वळून निघून गेलास. शिष्ट कुठला."

दादा म्हणाला, मी खाली होतो. आई म्हणाली, मी आंधळी नाही.

म्हाताऱ्या माणसाला दुपारची डुलकी लागते, स्वप्न आणि जाग यांची सरमिसळ होते. त्यानं वरच्या दोन्ही खोल्या बघितल्या, पलंगाखाली वाकून बघितलं, न्हाणीघर बघितलं. वाकताना त्याला स्वतःचंच हसू आलं. तरी जिन्याखालची खोपटी बघायला तो लगेच गेला नाही. तिथं कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, आणि त्याचा आवाज कुणीतरी समोर आडवं बसल्यासारखा दबून येत होता. मग एकदाचा मनाचा हिय्या करून त्यानं पडदा बाजूला केला. कोणी नव्हतं. कॉम्प्युटरसमोरचं मोडकं स्टूल तेवढं कोमट होतं. यंत्राच्या उबेनं असेल, म्हणत त्यानं उपटलेली वायर राउटरला परत लावली.

४

नर्सबाई एक दिवसाआड आईला अंघोळ घालायला यायच्या. त्या येत तेव्हाच दादाला औषधं, भाजी असं काही आणायला बाहेर पडता यायचं. आई एकटी राहायला तयार नसे आणि दादाही ठेवत नसे. या आठवड्यात बाई आल्याच नाहीत. दादानं फोन केला तर त्याच फणफणल्या. दोनदा येऊन परत गेले म्हणाल्या, घर बदललंत तर सांगायचं तरी होतं. आत्ताही गल्लीतच उभ्या होत्या.

दादा आईच्या खिडकीशी गेला. खाली रस्त्यावर खरंच नर्सबाई उभ्या होत्या, एका हातात छत्री, दुसऱ्या हातानं कानाशी फोन. दुपारचं ऊन रस्त्यावर सरळ पडलं होतं. शिंप्याच्या दारात कुणी पायजमा मापून घेत होतं.

"मी दवाखान्याच्या पायरीशी आहे, दादा. इथून पुढं सरळ शिंपी. तुमचं घर कुठं गेलं हो?"

दादानं वर बघा म्हटलं. त्यांनी मान वर केली. नजर खिडकीवरून, त्याच्या तोंडावरून, शिंप्याच्या पाटीपर्यंत सरकत गेली, पुसलेल्या फळ्यावरून सरकावी तशी. दादानं गजांतून हात बाहेर काढून हलवला, नावानं ओरडला. फोनमधून तो त्यांना ऐकू येत होता, खिडकीतून नाही. शेवटी त्यानं आईच्या उशाचा पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ओतला. पाणी त्यांच्या पायाशी फुटलं. त्यांनी चमकून आभाळाकडे बघितलं, छत्री उघडली आणि चालू लागल्या.

पक्की नटी, दादा मनात म्हणाला. मग त्याचं एकेक गणित जुळायला लागलं. लाइनवाला, नर्सबाई, सगळे धाकटीचे. तिनं सगळ्यांना हाताशी धरलं होतं. घर सापडत नाही, मदतीला कोणी येत नाही, म्हातारीचे हाल होतायत, असं उभं करायचं आणि रविवारी यायचं. हे गणित त्याला इतकं आवडलं की त्या रात्री तो जेवला पोटभर. कारण हे खरं नसेल, तर दुसरं काय खरं असेल, तिकडे त्याला बघायचं नव्हतं.

झोपायच्या आधी तो आईची चादर नीट करायला गेला. आई डोळे मिटून म्हणाली, "आता किती वेळा करशील? आत्ता तर करून गेलास." चादर खरोखरच चारी बाजूंनी छान खोचलेली होती.

५

रविवारी दुपारी धाकटीचा फोन आला, तो रडतच.

ती गल्लीत होती. हातातली बॅग रस्त्यावर ठेवून दवाखान्याच्या भिंतीवरून हात फिरवत होती. खिडकीतून दादाला ती स्पष्ट दिसत होती. डोळ्यांवरचा गॉगल डोक्यावर चढवलेला, केस विस्कटलेले. हे सोंग असेल तर फार चांगलं वठत होतं. पण धाकटीचं रडणं दादानं ती रांगत होती तेव्हापासून ऐकलेलं. खोटं रडताना तिचा श्वास कधी अडकायचा नाही. आत्ता अडकत होता.

"मी इथंच जन्मले रे दादा. मला माझं घर सापडत नाही."

दादाचं सगळं गणित तिथं कोसळलं. मनाला लागलेला संशय उतरला आणि त्याच्या जागी एकदम थंडगार भीती येऊन बसली.

त्याला खात्यातला जुना नियम आठवला. लाइनमन झालेल्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात तो घोकायला लावायचे. तारेत बिघाड आहे की नाही, ते एका टोकाला बसून कधीच कळत नाही. दुसऱ्या टोकाला जावंच लागतं. इतके दिवस तो आतल्या टोकाला बसून राहिला होता. आतून सगळं ठीक होतं. त्याला वाटलं, आपण बाहेर पडायचं, तिचा हात धरायचा आणि आपल्या पावलांनी तिला आत आणायचं. एवढी साधी गोष्ट. आपण घर विसरणार आहोत थोडेच?

त्यानं आईला सांगितलं, धाकटी खाली आलीय, घेऊन येतो. आईनं त्याचा हात धरून ठेवला.

"मला एकटी टाकून जाऊ नकोस. तो येतो मग."

"कोण येतो?"

आई नुसती दाराकडे बघत राहिली.

पाय निघेना. पण खाली बहीण रडत होती, आणि तिला वर आणलं की आईजवळ एकाच्या जागी दोघं होणार होती. दादानं आईच्या कपाळावर हात ठेवला, हा गेलो नि हा आलो म्हणाला आणि धावतच जिना उतरला. खालचं दार त्यानं सताड उघडं ठेवलं. ते लागू नये म्हणून बैठकीतली जड खुर्ची ओढून उंबऱ्यात आडवी घातली आणि ती ओलांडून तो रस्त्यावर आला.

६

धाकटीनं त्याला बघितलं आणि त्याच्या गळ्यात पडली. कुठून आलास, म्हणून विचारत राहिली. तो तिला थोपटत म्हणाला, वेडे, हे काय दार, आणि वळला.

दवाखान्याची पिवळी भिंत जिथं संपत होती, तिथंच शिंप्याची निळी भिंत सुरू होत होती. मधल्या फटीत एक पावसाळी गवताची काडी उगवलेली होती. शिंप्याचं मशीन चालू होतं.

दादानं त्या फटीवर तळहात टेकवला. ऊन खाऊन भिंत तापली होती. तो भिंत चाचपत इकडून तिकडे गेला, परत आला. आई वर एकटी आहे, एवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात घण घालत होतं.

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "दादा, पान उघडलं."

ती इतके दिवस सवयीनं करायची तसंच तिनं आत्ताही करून बघितलं होतं. दोघं फोनवर वाकली. आईची खोली, आईचा पलंग, आई. चित्र स्वच्छ होतं. आई उशांना टेकून दाराकडे बघत होती. पुढच्या चित्रात तिनं चादर हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती. त्याच्या पुढच्या चित्रात पलंगाशी एक माणूस उभा होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून. अंगात करड्या चौकडीचा शर्ट, मानेवर केस थोडे वाढलेले, डावा खांदा जरासा उतरता. तो आईला पाणी पाजत होता.

दादाच्या अंगात करड्या चौकडीचा शर्ट होता.

धाकटीनं एक लांब श्वास सोडला. चेहऱ्यावरचा ताण उतरला, अगदी परीक्षेत पास झाल्यासारखा. "आहे की दादा तिच्याजवळ," ती म्हणाली. मग तिनं बाजूला उभ्या असलेल्या माणसाकडे बघितलं. शर्ट बघितला, तोंड बघितलं. तिचा हात त्याच्या दंडावरून हळूच निघाला.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

अगं मी दादा, तो म्हणाला. तुला सायकल शिकवताना पाडली होती तो मी, तुझं पहिलं पत्र आईला वाचून दाखवलं तो मी. जे सुचेल ते सांगत सुटला. ती एकेक पाऊल मागं सरत होती. असल्या माणसांविषयी तिनं ऐकलं होतं, जे आधी सगळी माहिती काढतात आणि मग दाराशी येतात. तिनं त्याच्यावरची नजर न हलवता फोन कानाला लावला. दादाचा फोन त्याच्या हातात होता. तो वाजला नाही.

"हो, दिसतंय आता," ती फोनमध्ये म्हणाली, आणि तिच्या आवाजात माहेरी आल्याचं हसू होतं. "खालीच आहे मी. हो रे बाबा, खुर्ची ओलांडून येते."

जाऊ नकोस म्हणून दादानं तिची बॅग धरली. तिनं ती हिसडली, आरडाओरडा करीन अशी धमकी दिली आणि वळली. भिंतीच्या फटीशी तिनं एक पाय उंच उचलला, कशावरून तरी ओलांडावं तसा. त्यानं डोळे मिटून उघडले तेव्हा तिथं तापलेली भिंतच होती.

दादानं आपल्या फोनवर पान उघडलं. लगेच उघडलं, आता कसलाच बिघाड नव्हता. धाकटी पलंगाच्या कडेवर बसली होती आणि मान मागं टाकून कशाला तरी हसत होती. पाठमोरा माणूस तिच्या मागं उभा होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर होता. आई हसत नव्हती. तिनं धाकटीचं मनगट दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं आणि ती त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होती. आईचं असं तोंड दादानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

पुढच्या चित्रात तो माणूस वळायला लागला होता. दादानं फोन उरापाशी पालथा दाबला, भिंतीवर मूठ आपटली आणि आईला हाक मारली. शिंप्यानं मशीन थांबवून बाहेर डोकावून बघितलं, आणि कोण हा वेडा, म्हणून दार ओढून घेतलं.